मीठ-साखरेच्या पाण्यात साखर कशासाठी? पेशीपटलाविषयी एक शंका

अंगणवेल:

माझा मुलगा नववीत आहे. गेल्या आठवड्यात त्याला जुलाब झाले, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा जलसंजीवनीवर अधिक भर दिला आणि ती दर थोड्या वेळाने घोटघोट पाजत राहा, असे सांगितले. पेला हातात घेऊन त्याने मला जे विचारले, त्याचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून त्याची शंका येथे मांडते आहे.

परासरण शिकवताना शाळेत मनुकांचे उदाहरण दिले जाते. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात आणि त्याच फुगलेल्या मनुका साखरेच्या दाट पाकात टाकल्या की आक्रसतात, कारण पाणी नेहमी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते. मुलाचे म्हणणे असे की, हे जर खरे असेल तर आतड्यात मीठ-साखरेचे पाणी गेल्यावर त्याने शरीरातलेच पाणी बाहेर ओढून घ्यायला हवे. त्यापेक्षा साधे पाणी पिणे बरे नाही का? जुलाबातून मीठ जाते म्हणून मीठ द्यायचे, हे मला समजते. साखर मात्र चवीसाठी असते की शक्तीसाठी?

दुसरी शंका माझी स्वतःची आहे. पुस्तकात पेशीभित्तिकेला ‘निवडक्षम पारपटल’ म्हटले आहे. मेदाचा एवढासा थर कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे निवडतो कसा? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी होते, त्यामुळे कृपया शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगावे.

खडू आणि फळा:

मुलाच्या तर्कात चूक नाही, त्याची एक पायरी तेवढी राहून गेली आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी एक दुरुस्ती करतो. पुस्तकात निवडक्षम म्हटले आहे ते पेशीपटलाला, पेशीभित्तिकेला नव्हे. भित्तिका वनस्पतींच्या पेशींना असते, माणसाच्या पेशींना ती नसते. हा फरक परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही. मनुका फुगते आणि एका मर्यादेला थांबते, कारण तिच्या पेशींभोवती सेल्युलोजची भक्कम भिंत असते. आपली तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर ती फुगत जाते आणि अखेरीस फुटते, कारण तिला आवरणारे बाहेरून काहीच नसते. शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ घातलेले असते ते याचसाठी. ते प्रमाण अर्ध्यावर आणले तर काही रक्तपेशी फुटू लागतात.

आता निवडीविषयी. पेशीपटलाचा मूळ थर फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचा असतो. या रेणूचे डोके पाण्यात रमणारे आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या असतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन पदरांत उभे राहतात; शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडे तोंड करून आणि डोकी दोन्हीकडच्या पाण्यात. या दुपदरी थराची जाडी साधारण ५ नॅनोमीटर असते, म्हणजे असे दोन लाख थर एकावर एक रचले तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल. मधला तेलकट पट्टा ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांना अडवत नाही, आणि पाणीही त्यातून थोडेफार झिरपते. पण सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांसारख्या विद्युतभारित कणांना (आयनांना) आणि ग्लुकोजसारख्या पाण्यात रमणाऱ्या मोठ्या रेणूंना तो जवळपास बंद भिंतीसारखा असतो. थोडक्यात, आपली शंका रास्त आहे. मेद केवळ अडवतो आणि खरी निवड करतात ती त्या थरात रुतलेली प्रथिने. प्रत्येक प्रथिनाचा घाट असा असतो की त्यातून ठरावीक पाहुणाच जाऊ शकतो. पाण्यासाठीसुद्धा अशी स्वतंत्र वाट असते. तांबड्या पेशींच्या पटलातील वेगळ्याच प्रथिनाचा अभ्यास करताना पीटर ॲग्रे यांच्या हाती ती जवळजवळ अपघाताने लागली, १९९२ मध्ये तिचे काम सिद्ध झाले आणि २००३ मध्ये त्यासाठी त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

घरच्या घरी पाहायचे असेल तर कच्च्या बीटचे काप नीट धुऊन गार पाण्यात ठेवावेत. कापलेल्या कडांमधून सुटेल तेवढाच रंग सुटतो आणि पाणी फिकट राहते. तेच काप उकळत्या पाण्यात टाकले की काही क्षणांत पाणी गडद लाल होते. रंग आधीही तेथेच होता. उष्णतेने पटले निकामी झाली म्हणून तो बाहेर पडला. (बीटमध्ये हा रंग पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत असतो, त्यामुळे त्याला दोन पटले ओलांडावी लागतात, वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी हे हमखास विचारतो.)

राहिलेली पायरी अशी की, पाकातल्या मनुकेच्या बाबतीत साखर बाहेरच राहते, आणि म्हणून ती पाण्याला आपल्याकडे ओढते. आतड्यातली साखर बाहेर राहत नाही. पुढचे वैद्यकीय सदस्यांनी सांगावे.

जठराग्नी:

पूर्वी पावसाळ्यात जुलाबाच्या रुग्णांनी भरलेल्या वॉर्डात मी बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा आहे. उत्तर थोडे लांबेल.

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर पेशींची एकच रांग असते. प्रत्येक पेशीची एक बाजू अन्नमार्गाकडे आणि दुसरी रक्ताकडे असते, आणि या दोन बाजूंच्या पटलांत वेगवेगळी प्रथिने बसवलेली असतात. सगळी युक्ती या असमानतेत आहे. रक्ताकडील बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्च करून तो सोडियमचे तीन आयन पेशीबाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. हा उपसा अखंड चालू असल्यामुळे पेशीतील सोडियमचे प्रमाण बाहेरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे राहते. विहिरीचे पाणी मोटेने सतत उपसत राहिल्यावर झऱ्यांची ओढ आत राहावी, तसे पेशीबाहेरचे सोडियम आत येण्यासाठी टपून असते. ते मेदातून येऊ शकत नाही, त्याला प्रथिनाची वाट हवी.

अन्नमार्गाकडील बाजूला अशा काही वाटा आहेत आणि त्यांपैकी एक येथे महत्त्वाची आहे. सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे तिघे एकत्र आले, तरच ते प्रथिन आपला आकार बदलून तिघांनाही पेशीच्या आत सोडते. एकटे सोडियम आले तर ते वाट पाहत थांबते आणि एकटे ग्लुकोज आले तरी तेच होते. आत आल्यावर सोडियमला पंप रक्ताच्या बाजूला फेकतो आणि ग्लुकोज दुसऱ्या एका प्रथिनातून त्याच बाजूला उतरते. पेशींच्या मागच्या अरुंद फटींमध्ये अशा रीतीने विद्राव्य पदार्थ साठत गेले की तेथील द्रावण संहत होते आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. म्हणजे मुलाने सांगितलेला परासरणाचा नियम येथेही जसाच्या तसा लागू आहे, मात्र संहत बाजू आतड्यातली नसून पलीकडची आहे.

साखर चवीसाठी नसते आणि मुख्यतः शक्तीसाठीही नसते. ती मिठाला आत नेणारी किल्ली असते.

पटकीच्या दुखण्यात, म्हणजे कॉलऱ्यात, हे सर्वांत स्पष्ट दिसते. कॉलऱ्याच्या जंतूचे विष आतड्याच्या पेशी मारत नाही. ते पेशींतील एक संदेशयंत्रणा चालू स्थितीत अडकवून ठेवते, त्यामुळे क्लोराइडची दारे उघडी राहतात, क्लोराइड अन्नमार्गात वाहू लागते आणि त्याच्यामागे सोडियम व पाणी जाते. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. त्याच वेळी साधे मीठ आत घेणारी नेहमीची वाट मंदावते. ग्लुकोजच्या जोडीने चालणारी वाट मात्र शाबूत राहते. म्हणून अशा रुग्णाला नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी पाजले तर ते बहुतेक तसेच बाहेर पडते, आणि साखर मिसळली की शोषले जाते.

प्रमाणाविषयी सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुचवलेल्या मिश्रणात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. त्यात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल येतात, म्हणजे दोहोंच्या कणांची संख्या सारखीच असते. सर्व घटकांची मिळून संहती, म्हणजे विरघळलेल्या एकूण कणांचे प्रमाण, लिटरमागे २४५ मिलिऑसमोल होते आणि रक्ताची साधारण २८५ ते २९५ असते. म्हणजे तुमच्या मुलाने ज्या पेयाला पाक समजले, ते मुळात रक्तापेक्षा विरल आहे. आधीचे मिश्रण ३११ चे होते. ते कमी केल्यावर जुलाबाचे प्रमाण आणि सलाईन लावण्याची गरज दोन्ही घटल्याचे दिसले.

जुनी पाने:

वरच्या उत्तराला थोडा इतिहास जोडतो, कारण येथे प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांची गाठ उशिरा पडली. सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकावरून जोडीने जात असावेत, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून कॉलऱ्याचे लक्षण जंतूच्या विषामुळे उद्भवते, हे दाखवून दिले होते. पुढे कोलकाता आणि ढाका येथे तोंडाने द्यायच्या द्रावणाचे प्रयोग झाले, पण ते रुग्णालयाच्या शिस्तीत. बिनशिस्तीच्या जागी ते चालेल, यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे सलाईनचा साठा संपत आला होता. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, ते द्रावण पिंपांत कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावले. छावणीत सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. हा सन्मान फार उशिरा आला, असे माझे मत आहे.

दुपदरी थराचा शोधही सांगण्यासारखा आहे. १९२५ मध्ये नेदरलँड्समधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतील मेद ॲसिटोनने काढून पाण्यावर एकपदरी पसरला, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. त्यावरून पटल दोन पदरांचे असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे लक्षात आले की त्यांनी सगळा मेद काढलाच नव्हता, आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी मोजले होते. दोन चुकांनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले. गणिताच्या शिक्षकांनी या उत्तराला गुण दिले असते की नाही, कोण जाणे.

अंगणवेल:

सर्वांची मनापासून आभारी आहे. मुलाला मी हे वाचून दाखवले. ‘पाक रक्तापेक्षा विरल आहे’ हे त्याला पटले, पण त्याने लगेच पुढची शंका काढली. साखर जर किल्ली असेल, तर अधिक साखर घातल्यावर अधिक दारे उघडायला हवीत. मग बाटलीतले गोड शीतपेय जलसंजीवनीपेक्षा चांगले का नाही? (ही शंका किती शास्त्रीय आणि किती स्वार्थी आहे, हे मी सांगत नाही.) शिवाय घरात साखर असते ती ग्लुकोज नसते, मग घरगुती मिश्रण चालते कसे?

जठराग्नी:

येथे त्याचे मनुकांचे उदाहरण अचूक लागू पडते. वाहक प्रथिनांची संख्या मर्यादित असते आणि प्रत्येक ग्लुकोजमागे सोडियमचे दोन आयन लागतात. बाटलीतल्या शीतपेयांत लिटरमागे सुमारे शंभर ग्रॅम साखर असते आणि सोडियम नाममात्र असते. शोषली न गेलेली साखर आतड्यातच राहते, तेथे ती खरोखर पाकासारखी वागते आणि शरीरातले पाणी आतड्यात ओढून जुलाब वाढवते. शंका चांगली आहे, शीतपेय मात्र मिळणार नाही, असे त्याला सांगावे.

पाणी पलीकडे कसे जाते, याविषयी वर मी एकच बाजू सांगितली, तेही नोंदवतो. सोडियम-ग्लुकोजचे वाहक प्रथिन प्रत्येक फेरीत पाण्याचे सुमारे २६० रेणू स्वतःबरोबरच वाहून नेते, असा दावा १९९६ मध्ये करण्यात आला होता. इतर संशोधकांच्या मते पाणी जवळच्या जवळ निर्माण झालेल्या संहतीच्या फरकामुळेच जाते आणि वेगळी वाहतूक मानण्याचे कारण नाही. मला दुसरे मत अधिक पटते. रुग्णाला पाजायच्या पेल्यात मात्र त्याने काही फरक पडत नाही.

खडू आणि फळा:

घरच्या साखरेविषयी सांगतो. तिचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडणीने बनलेला असतो, आणि ती जोड तोडणारे विकर (एन्झाइम) आतड्याच्या पेशींच्या त्याच अन्नमार्गाकडील पटलावर बसलेले असते. त्यामुळे ग्लुकोज अगदी वाहकाच्या दारातच मोकळे होते. एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण आहे. चमचा शिगोशीग भरू नये आणि मीठ अंदाजाने टाकू नये.

कोकणात आजारी माणसाला मीठ घातलेली भाताची पेज देतात, तिचेही गणित येथे बसते. पिष्टाचा एक प्रचंड रेणू द्रावणाची संहती जवळपास वाढवत नाही, पण पचताना त्यातून शेकडो ग्लुकोज थोडेथोडे सुटतात आणि ते सुटतात तसे उचलले जातात. तांदळाच्या पिठापासून केलेल्या जलसंजीवनीचे कॉलऱ्याच्या रुग्णांवर प्रयोग झाले आहेत आणि त्यांत जुलाबाचे प्रमाण कमी झालेले आढळले.

जठराग्नी:

पेजेला माझी संमती आहे, ती पातळ असावी आणि मीठ मोजून घातलेले असावे. तान्ह्या मुलांसाठी मात्र पाकिटातलीच जलसंजीवनी वापरावी, कारण घरच्या मिश्रणात पोटॅशियम नसते आणि जुलाबातून तेही जात असते.