आज्जीचं इरकल आणि कापशी चप्पल

स्टाईल कुणाकडून उचलली म्हणून विचारलंय तर बऱ्याच जणींनी हिरॉइनींची नावं घेतलीत, माझी मात्र आज्जीच. इरकल लुगडं, गळ्यात कोल्हापुरी साज, बास. तिच्या जुन्या इरकलचा मी कुर्ता शिवून घेतलाय, काठ बाह्यांना लावलाय, खाली जीन्स आणि पायात कापशी, कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार. नवी चप्पल पहिले आठ दिवस चावते, आतून खोबरेल तेल लावत राहायचं, मग पायाचा आकार घेते बघा आणि चालताना करकर वाजते ते तर लई भारी. २०२५ ला प्राडा या इटलीच्या फॅशन ब्रँडनं मिलानमध्ये तसलीच सँडल दाखवली तेव्हा मैत्रिणी कोल्हापुरातल्या चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या बाजारात पळाल्या, अगं कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग (त्या भागाची खास वस्तू म्हणून अधिकृत ओळख) तर २०१९ लाच मिळालाय! आणि साज घेणार असाल तर गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात जाऊन हातात घेऊन बघा, मासा, कारलं, चंद्र, साजाचं एकेक पान (पदक) निरखायचं, फोटोत ते काम कळत नाही.