ट्रॉलरच्या जाळ्यात आलेला विषारी शंख : ओळख आणि प्रथमोपचार (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझा चुलतभाऊ रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी आहे. मागच्या फेरीत साधारण पन्नास वाव खोल पाण्यातून ओढलेल्या जाळ्यात एक जिवंत शंख आला. फोटो काढून त्याने तो लगेच समुद्रात सोडला. फोटो खाली दिलेत. शंख वितीपेक्षा थोडा लहान, निमुळता. पांढऱ्यावर तांबूस-तपकिरी रेघांची जाळी, तिच्यात लहानमोठे त्रिकोण. शेंडा चांगला उंच आणि पायऱ्यापायऱ्यांचा.

मला हा कोनस (शंकूच्या आकाराचे विषारी समुद्री शंख) गटातला कोनस मिलनेएडवर्डसी वाटतोय, म्हणजे संग्राहकांचा 'ग्लोरी ऑफ इंडिया'. अशीच नक्षी कोनस टेक्स्टाइलवर असते, पण तो उथळ पाण्यातला, अंगाने फुगीर आणि शेंडा बसका. जाणकारांनी शेंडा नीट पाहून सांगा. मिलनेएडवर्डसी 2001 सालीच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आलाय आणि बंदरावर अशा शंखांना गिऱ्हाईक विचारत येतं, म्हणून ओळख पक्की हवी.

पण खरी काळजी बोटीवरच्या पोरांची आहे. म्हावरं निवडताना शंख दिसला की उघड्या हाताने उचलून बाजूला टाकतात. कोनस सोंडेतून भाल्यासारखा पोकळ दात मारतो, त्यातून विष जातं. रुंद बाजूने धरला तर काही होत नाही, असं तांडेल (बोटीचे प्रमुख) सांगतात. ते खरं नाही, सोंड ताणून तिथवरही पोचते. कोनस जिओग्राफस चावून माणसं दगावली आहेत, आणि या विषावर प्रतिविष नाही. स्नायू लुळे पडून श्वास थांबतो, म्हणून विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवणं हाच उपचार.

अख्ख्या हाताला क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचं, हात हलू द्यायचा नाही, श्वास मंदावला तर तोंडाने द्यायचा, हे मी वाचलंय. किनारा कित्येक तास लांब असताना बोटीवर हे कसं जमवायचं? हलत्या बोटीवर श्वास देत राहण्याचं प्रशिक्षण रत्नागिरीत कुठे मिळेल? तटरक्षक दलाला 1554 वर किंवा वायरलेसच्या सोळा नंबर चॅनलवर कळवताना नेमकं काय सांगायचं, म्हणजे बंदरावर व्हेंटिलेटरची सोय तयार राहील?

कोणी डॉक्टर किंवा जहाजावर काम केलेलं असेल तर कृपया लिहा. ट्रॉलर दोन-तीन दिवसांत पुन्हा निघेल. त्याआधी चार ओळींचा कागद केबिनमध्ये चिकटवायचाय. मसुदा पहिल्या प्रतिसादात टाकतोय, चुका दाखवा.