प्रतिसाद: बंदी नको, पण साखरेवर कर हवाच

साखरेच्या शीतपेयांवर बंदीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'काय प्यायचं ते माझं मी ठरवेन, सरकारने नाक खुपसू नये'. हे म्हणणं बंदीपुरतं मला मान्य आहे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांनी अशा पेयांच्या १६ औंसांहून (सुमारे ४७० मिली) मोठ्या ग्लासांवर घातलेली बंदी २०१४ मध्ये न्यायालयात कायमची बारगळली.

ब्रिटनने मात्र वेगळी वाट धरली. एप्रिल २०१८ पासून तिथे शीतपेयाच्या १०० मिलीत ५ ग्रॅम साखर असली की कंपनीला कर, ८ ग्रॅमपासून पुढे जास्त कर. झालं काय, तर लुकोझेड, आयर्न-ब्रू या तिथल्या शीतपेयांच्या कंपन्यांनी कर लागू व्हायच्या आधीच साखर निम्म्यावर आणली. कुणाच्या हातातली बाटली काढून घ्यावी लागली नाही!

आपल्याकडे अशा पेयांवर आता ४० टक्के जीएसटी आहे, पण साखरेच्या कोलाला आणि बिनसाखरेच्या कोलाला सारखाच. मग कंपनीने साखर कमी का करावी? ३३० मिलीच्या कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ चमचे. चहात तिसरा चमचा घालू न देणारी आई तीच बाटली पोराला हौसेने घेऊन देते, कारण आतली साखर दिसत नाही. कर साखरेच्या ग्रॅमवर लावा, एवढीच माझी मागणी आहे.