दोन रात्रींची सुट्टी आणि विमानतळावर गेलेले तास : तुमचे अनुभव लिहा

लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलगा आजीकडे राहायला तयार झाला, तेव्हा आम्ही पहिल्यांदाच फक्त दोघांसाठी तिकिटं काढली. शुक्रवारी सकाळी हैदराबाद, रविवारी संध्याकाळी परत. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून त्या दिवशी गोवळकोंडा आणि शनिवारी चारमिनार, सालारजंग, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.

विमान गोव्यातल्या मोपा विमानतळावरून १०:१० चं. फोंड्याहून साडेसहालाच निघालो. पणजी मागे पडली आणि पहिला मेसेज आला, आता ११:३०. आत गेल्यावर १:००. मग ३:२०. एकदाच खरं सांगितलं असतं तर आम्ही पणजीत उतरून मांडवीकाठी बसलो असतो, धड जेवलो असतो. तुकड्यातुकड्यांनी कळत गेल्यामुळे गेटसमोरची खुर्ची सोडायचीही भीती वाटत होती. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर असेल तर खाण्यापिण्याची सोय विमान कंपनीने करायची, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे. आम्ही काउंटरवर जाऊन मागितलं तेव्हा मिळालं. शेजारी बसलेल्या कितीतरी जणांना तो हक्क आहे हेच माहीत नव्हतं.

गोवळकोंडा राहिला. पण शनिवारी सालारजंगमध्ये शिल्पकार बेंझोनीच्या संगमरवरी रिबेकाच्या पुतळ्यासमोर नवरा वीस मिनिटं उभा होता. दगडाचाच झिरझिरीत बुरखा आणि त्याआडून दिसणारा चेहरा. घर, दुकान, शाळेच्या फिया यांत त्याला इतकं शांत उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच गेटसमोर गेलेला तो अर्धा दिवस मला अजून लागतो. चार दिवसांची सहल असती तर भरून निघाला असता, दोन रात्रींच्या सुट्टीत तो कुठून काढायचा?

तुमचेही अनुभव लिहा. पैसे किती गेले हे लिहाच, पण तास किती गेले आणि काय राहून गेलं तेही लिहा. गोव्यातून जाणाऱ्यांचे हवेत, कारण आपल्याकडे आता दोन विमानतळ आहेत आणि गोंधळही दुप्पट आहे.

*मडगावहून*

दोन विमानतळांचंच सांगतो. मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये विमानं सुरू झाली, पण आमच्या डोक्यात गोवा विमानतळ म्हणजे दाबोळीच. बायकोच्या वाढदिवसाला अहमदाबादला गेलो. जाताना दाबोळी, म्हणून गाडी तिथेच पार्किंगला लावली. येतानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेतलं आणि त्यावरची तीन अक्षरं पाहिलीच नाहीत. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. विमान उतरताना घोषणा ऐकली तेव्हा कळलं.

रात्रीचे अकरा. गाडी दाबोळीला, आम्ही पेडण्यात मोपाला. मधलं अंतर साठेक किलोमीटर. टॅक्सीने आधी दाबोळी, तिथे पार्किंगचे पैसे, मग स्वतःची गाडी घेऊन मडगाव. घरी दोन वाजले. तिकिटात वाचवलेल्याच्या दुप्पट टॅक्सीला गेले. पण खरं वाईट याचं वाटतं की परतीच्या वाटेवर आम्ही एक शब्द बोललो नाही. दोन दिवस इतक्या गप्पा झाल्या होत्या.

दक्षिण गोव्यातल्या मंडळींनी तिकीट काढताना मोपापर्यंतचं जाणंयेणं त्यात धरूनच किंमत बघा. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी पुष्कळ सुटली आहे, अंतर मात्र आहे तेवढंच आहे.

*वास्कोहून*

लग्नानंतरची पहिली सहल, मला जागा मिळाली चौथ्या रांगेत आणि ह्यांना तेविसाव्या. शेजारी बसायचं तर दोघांचे वेगळे पैसे. बारा वर्षांखालच्या मुलांना आई किंवा वडिलांशेजारी जागा द्या, अशी सूचना डीजीसीएने २०२४ मध्ये दिली आहे, पण मोठ्यांसाठी तेव्हा तसं काही नव्हतं. एका कारवारच्या मावशींनी आपणहून जागा बदलून दिली. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

*पर्वरीहून*

आमचा बेत मुंबईचा होता. शनिवारी दुपारी साडेतीनला दादरला शिवाजी मंदिरात नाटक, रविवारी राणीची बाग. गोव्यात नाटकवेडी माणसं कमी नाहीत, पण मुंबईच्या थिएटरात बसून प्रयोग पाहायची माझी लहानपणापासूनची इच्छा होती.

आम्ही वेळेत पोचलो, रांगेतही वेळेत उभे राहिलो. काउंटरवर सांगण्यात आलं, विमान भरलं आहे, तुमच्यापैकी एकालाच जागा आहे. "मॅडम, तुम्ही चला, साहेब पुढच्या विमानाने येतील." एका बुकिंगवरची दोन तिकिटं, आणि आमच्यातला कोण जाणार हे तिथला मुलगा ठरवत होता! मी एकटी जाणार नाही असं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण बाजूलाही झाले नाही.

नियम असा की जागांपेक्षा जास्त तिकिटं गेली असतील तर आधी स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधायचे. तसं कोणी विचारलंच नव्हतं. आणि मनाविरुद्ध उतरवलंच, तर एका तासाच्या आत दुसरं विमान दिल्यास भरपाई नाही. त्यानंतर, पण चोवीस तासांच्या आतलं दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं असेल तर चौपट, कमाल २०,०००. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, भाच्याने फोनवर वाचून दाखवलं. संध्याकाळच्या विमानाने दोघंही गेलो. भरपाईसाठी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली, दोन महिन्यांनी पैसे आले.

नाटक गेलं ते गेलंच. तिकिटं नणंदेच्या मुलींनी वापरली आणि रात्री आम्हाला प्रवेशांसकट सगळं करून दाखवलं. ते मात्र छान झालं.

*साखळीहून*

आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. जानेवारीत बंगळूरला लालबागचं पुष्पप्रदर्शन पाहायचं ठरवलं. यांचा गुडघा दुखतो म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली. त्याचे पैसे पडत नाहीत, आणि ज्या मुलाने ती ढकलली त्याने यांना "आजोबा" म्हणून इतकं जपून नेलं की आमची धास्तीच गेली.

अडचण झाली सामानाची. तिथे पुतण्याकडे जेवायला जाणार होतो, म्हणून मिरचीच्या लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत घेतली होती. ते विमानात जवळ ठेवता येत नाही. बरणी राहिली तिथेच. मोठ्या बॅगेसाठी नावाने पुकारा झाला, कारण तीत सुकं खोबरं होतं. खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं, म्हणून चालत नाही म्हणे. वर्षभर उन्हात वाळवून जपलेलं खोबरं टाकताना हात जड झाला. नियम बरोबर आहे, माझी तक्रार नाही. फक्त तिकिटासोबत हे ठळक मराठीत, कोकणीत लिहून द्यायला काय हरकत आहे? आमच्या पिढीला पिशवी भरल्याशिवाय कोणाकडे जाताच येत नाही.

विमानात आम्ही जेमतेम सव्वा तास होतो. साखळीतलं घर ते बंगळूरची खोली धरलं तर साडेसात तास. देवनहळ्ळीच्या विमानतळापासून शहरात पोचायलाच दोन लागले. येताना यशवंतपूरहून रेल्वेने आलो. डबा उघडून समोरासमोर जेवलो, झोपलो आणि पहाटे मडगावला उतरलो. तास जास्त गेले असतील, पण ते आमचे होते.

*म्हापशाहून*

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवत असेल. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते, वैमानिक पुरेनात आणि देशभर विमानं धडाधड रद्द झाली. त्यात आमचं दिल्लीचंही गेलं. मोपाला पोचून तीन तास झाल्यावर कळलं. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण दोघांनी मिळून मागितलेली रजा परत कशी मिळणार?

पार्किंगमध्ये गाडीत बसलो. मी किल्ली लावली तर ती म्हणाली, "म्हापशाला वळू नकोस. घरी गेलो की संपलं." सरळ पणजीला आलो. फोंतेन्हासमध्ये एका जुन्या घरात दोन रात्रींसाठी खोली मिळाली.

म्हापशाचा माणूस पणजीत नोकरीला रोज जातो, पण पणजीत राहत नाही. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलातला, म्हणजे छोट्या चर्चमधला, क्रूस मी बेचाळीस वर्षांत प्रथमच पाहिला. तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. मळा भागातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढून वरून पणजी बघितली. पणजीच्या चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, ८ तारखेला, त्यामुळे खाली जत्रेची दुकानं लागलेली. खाज्यांचा पुडा घेऊन दोघं चर्चच्या पायऱ्यांवर रात्री साडेदहापर्यंत बसलो.

रविवारी रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो आणि दुसऱ्या टोकाची फेरीबोट घेऊन नार्व्याला. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगिजांनी मोडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधून घेतलं. हे शाळेत पाठ केलं होतं. देव जिथून नेला ते बेट आणि तो जिथे आला ते गाव, दोन्ही एकाच सकाळी पाहिली तेव्हा ते मनाला भिडलं.

परतताना फेरीबोट सुटायला दहा मिनिटं उशीर झाला, कारण नावाड्याने लांबून धावत येणाऱ्या एका म्हातारीसाठी दोर सोडला नव्हता. बायको कठड्याला टेकून तिच्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "थांबू दे."