दोन दिवस चालून नदी गाठावी आणि वर हेलिकॉप्टर उतरावं

पायवाट
काल इथे एका मराठी वैमानिकाचा लेख आला. ते न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर हेलिकॉप्टर चालवतात. पाहुण्यांना फिओर्डलंडमधल्या एखाद्या नदीवर ट्राउट मासे पकडायला उतरवायचं, मग इंजिन बंद करून आपणही खालच्या डोहावर गळ टाकायचा, गोट्यांवर बसून डबा खायचा, परतताना एखाद्या कड्यावर फोटोपुरतं थांबायचं. 'याहून सुंदर ऑफिस दाखवा' असा शेवट, आणि खाली 'काय नशीब!' म्हणणाऱ्यांची रांग. माझं म्हणणं प्रतिक्रियेत मावणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

मी साउथलंडमध्ये राहतो आणि त्याच नद्यांवर चालत जातो. पाठीवर सॅक, बीच नावाच्या झाडांची निसरडी मुळं, सँडफ्लायचे चावे, दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी दिसतं. तिथलं पाणी इतकं नितळ की मासा आधी डोळ्यांनी शोधावा लागतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर, त्याच्या पाठीमागून सरकत जायचं. एकदा बिथरला की तो कितीतरी वेळ खडकाखालून निघत नाही. आता कल्पना करा, तुम्ही खालून डोह-डोह करत वर चालला आहात आणि वरच्या वळणावर हेलिकॉप्टर उतरलं. त्यातली माणसं आता तुमच्यापुढे चालणार. तुमच्या वाट्याला उरणार ते तुडवलेलं पाणी. दोन दिवसांची चाल तिथेच संपते.

या नद्यांना आजवर कोणी राखलं? अंतराने. तिथे पोचायला पाय लागत, म्हणून माणसं मोजकी येत. २०१९ साली बीचला बी इतकं आलं की उंदीर माजले. उंदीर पोहत नदी ओलांडतात आणि ट्राउट त्यांना गिळतात. पुढच्या उन्हाळ्यात मासे एवढाले झाले, आणि ती बातमी लागताच आकाश घरघरायला लागलं. अंतर ही एकच मर्यादा होती, ती यंत्राने काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी पुरेशी मर्यादा कोणी आणली नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला लहान वाटत नाही.

शिवाय डिडिमो. २००४ मध्ये खालच्या वायाऊ नदीत हे शेवाळ सापडलं. गोट्यांवर घाणेरड्या लोकरीसारखं पसरतं. ओल्या बुटातला एक थेंब पुरतो. चालणारा माणूस फार तर एका खोऱ्यात जाईल, हेलिकॉप्टरवाला सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या.

स्किड
तो लेख माझा. नाव न घेता बोलायचं कारण नव्हतं.

पहिलं इंधन. पाहुण्यांना सोडून मी रिकामा तळावर गेलो आणि संध्याकाळी पुन्हा आलो, तर चार फेऱ्या होतात. नदीवर थांबलो तर दोन. माझ्यासारखं स्क्विरल जातीचं हेलिकॉप्टर तासाला दीडशे लिटरच्या वर पितं. म्हणजे ज्या थांबण्यावर तुम्ही चिडला आहात, त्याच्यामुळेच त्या खोऱ्यातला आवाज निम्मा होतो. मग त्या पाच-सहा तासांत मी काय करावं? सीटवर बसून डॅशबोर्ड पुसू? माझी ड्युटी चालूच असते. नजर ढगांवर असते, हातात गळ असला तरी.

दुसरं, परवानगी. न्यूझीलंडच्या संवर्धन विभागाच्या जमिनीवर वाटेल तिथे स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरच्या खालच्या पट्ट्या, टेकवता येत नाहीत, खासगी हेलिकॉप्टरलासुद्धा नाही. फिओर्डलंडमध्ये मासेमारीला सामान स्वच्छ केल्याचं प्रमाणपत्र लागतं, बुटांना पाणी धरून ठेवणारे फेल्टचे तळवे चालत नाहीत, तेही २००८ पासून. माझे पाहुणे बूट धुतल्याशिवाय चढत नाहीत. चालत येणारे सगळे धुतात का, हे तुम्ही सांगा.

तिसरं. उतरण्याआधी मी खोऱ्यावरून एक फेरी मारतो. तंबू दिसला, झोपडीतून धूर दिसला, नदीकाठी माणूस दिसला की पुढच्या खोऱ्यात जातो. मी ओळखतो ते सगळे वैमानिक हेच करतात. आणि पावित्र्याच्या गोष्टी कशाला? ट्राउट तिथला आहेच कुठे? १८६७ साली टास्मानियातून अंडी आणून सोडली. तिथले मूळचे छोटे गॅलॅक्सिड मासे त्याने खाऊन संपवत आणले. तुमचा नितळ डोह हीसुद्धा माणसाने आणलेल्या माशाचीच जागा आहे.

दापोलीकर
स्किड, तुम्ही उत्तर दिलंत ते बरं झालं. आमच्या गावची पोरं कर्ज काढून न्यूझीलंडला वैमानिकाचं कमर्शियल लायसन्स काढायला जातात, परत येऊन वर्षानुवर्षं नोकरीसाठी ताटकळतात. त्यातला एक तिथे टिकला, नदीकाठी दोन घटका बसला, तर आपल्याच लोकांच्या पोटात दुखतं. एक विचारायचं होतं. एवढे मासे पकडून करता काय? तिथल्या हॉटेलात विकता?

स्किड
विकता येत नाही. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकणं आणि विकत घेणं दोन्ही बेकायदा आहे. आपण पकडलेला आपण खायचा किंवा कोणाला द्यायचा. आतल्या नद्यांवर बहुतेक जण सोडूनच देतात.

वेसावची
सोडून देतात म्हणजे? हेलिकॉप्टरने जायचं, माशाच्या जबड्यात गळ रुतवायचा, दमेपर्यंत ओढायचं, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायचा? मग गेलात कशाला?

माझी आजी पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरली, आई बंदरावर लिलावाला बसते. आमच्याकडे मासा जीव घेऊन येतो, त्यावर चार घरं चालतात. त्याचं डोकंसुद्धा वाया जात नाही, कालवणात जातं. खायचा नाही तर त्याला हात लावू नये हे आम्हाला कोणी शाळेत शिकवलं नाही. तुमच्या खेळासाठी त्याने तडफडायचं आणि वर तुम्ही निसर्गप्रेमी! पायवाट, तुम्हीही हेच करता ना चालत जाऊन?

पायवाट
हो, मीही सोडतो. मोठी मादी सोडली तर ती पुढच्या हिवाळ्यात अंडी घालते. त्या थंड नद्यांत मासे मुळात कमी असतात. प्रत्येकाने एकेक घरी नेला तर काही हंगामांत नदी रिकामी होईल. पण हा मुद्दा धाग्याचा नाही.

वेसावची
तुम्हाला अडचणीचा आहे, म्हणून धाग्याचा नाही.

गळकरी
ताई, थोडं ऐकून घ्या. टोकाला उलटा काटा नसलेला हूक वापरला, मासा पाण्याबाहेर काढलाच नाही, हात ओले करून धरला, तर तो जगतो. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी लागते. मी वर्षानुवर्षं आपल्या नद्यांतल्या महसीर माशाच्या मागे फिरलो आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांनी १९७०च्या दशकात महसीरची पैदास सुरू केली आणि पिल्लं देशभर पाठवली. महसीर नद्यांतून जातोय हे आधी ओरडून सांगणाऱ्यांत गळवालेच होते. गळवाल्याला मासा जिवंत हवा असतो, म्हणून डायनामाइट लावणाऱ्याशी तोच भांडतो.

वेसावची
जगतो हे तुम्ही म्हणता. माशाला विचारलंत? स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडायला २००९ पासून बंदी आहे. ते लोक काही कोळी नाहीत. त्यांनाही कळलं की खेळ म्हणून दुखवणं चूक आहे.

दापोलीकर
स्वित्झर्लंड राहू द्या, आपल्याकडे बघा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, पोटात अंडी असलेले. ओढ्यावर रात्री बॅटऱ्या आणि कोयते घेऊन अख्खा गाव उतरतो. मीही लहानपणी उतरलोय. मळे, शिंगटी असले मासे टोपलीभर यायचे. आता त्याच ओढ्यावर बोटभर मासा दिसत नाही. खातो म्हणून सगळं माफ, हे मला पटत नाही.

वेसावची
ओढा वलगणीने रिकामा झाला? वर बांधलेल्या बंधाऱ्याने नाही? शेतातल्या औषधाने नाही? टोपलीभर मासा पिढ्यान् पिढ्या निघत होता तेव्हा संपला नाही. आणि समुद्राचं विचाराल तर एलईडी दिव्यांनी मासे ओढून मासेमारी करायला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. रात्री किनाऱ्यावर उभं राहा, दिवे मोजा. आमच्या लहान होड्या डिझेल जाळून रिकाम्या येतात. आम्ही पावसाळी बंदी पाळायची, आणि शहाणपण आम्हालाच!

दापोलीकर
तुमच्यावर बोललोच नव्हतो. प्रत्येक वाक्य अंगावर घ्यायचं असेल तर बोलणं अवघड आहे.

वेसावची
'खातो म्हणून सगळं माफ' हे कोणाला उद्देशून होतं मग?

गोदाकाठ
मासे बाजूला ठेवा. हेलिकॉप्टरच्या आवाजावर बोलायचं तर न्यूझीलंड कशाला, केदारनाथला चला. अरुंद दरीतून हंगामात दिवसभर ये-जा, खाली अभयारण्य. घोड्यावरून जाणारी म्हातारी माणसं दर थोड्या वेळाने कान झाकतात. १५ जून २०२५ ला गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर पडलं, सातही जण गेले. माझे आईवडील त्याच्या आदल्या वर्षी त्याच मार्गाने गेले होते. बातमी वाचून आई दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मौजेखातर कड्यावर उतरणाऱ्यांचं कौतुक मला वाचवत नाही.

स्किड
केदारनाथच्या शटल फेऱ्या आणि माझं काम यांचा संबंध नाही. तिथे एकामागोमाग एक उड्डाणांचा दबाव असतो. मी दिवसभर एका ठिकाणी थांबतो, म्हणजे घाई हाच प्रकार नसतो.

हँगर क्रमांक तीन
मी हेलिकॉप्टरच्या देखभालीत आयुष्य घातलं, आता निवृत्त. स्किड यांच्या लेखातल्या एका फोटोवर मला बोलायचं आहे. पाहुणा गळाची रॉड खांद्यावर उभी धरून मशीनकडे येतोय. पाती थांबलेली दिसतात, मान्य. पण सवय तिथेच लागते. रॉड आडवी, कमरेच्या खाली, टोपी हातात, समोरून वैमानिकाला दिसेल असं यायचं, आणि उताराच्या वरच्या अंगाने कधीच नाही, कारण त्या बाजूला पाती जमिनीच्या जवळ येतात. शेपटीकडे तर जायचंच नाही. सुट्टीच्या मूडमधल्या माणसाला हे सगळं संध्याकाळपर्यंत आठवत नाही.

दुसरं, मौजेचे थांबे. आमच्याकडे एकदा डोंगरात जेवायला म्हणून मशीन बंद केलं. कंपनीचं नाव घेत नाही. गार वाऱ्यात बॅटरी उतरली आणि इंजिन घेईना. सहा माणसं, त्यात एक दम्याचा आजारी, रात्रभर तिथे. मी सकाळी दुसऱ्या मशीनमधून बॅटरी मांडीवर घेऊन गेलो. त्या आजारी गृहस्थांचे ओठ निळे पडले होते. थांबा गरजेचा नव्हता, जागा सुंदर होती एवढंच कारण. फिओर्डलंडमध्ये काही ठिकाणी वर्षाला सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ढग बसला की दरीचं दार बंद होतं. डोहात मासा दिसतोय आणि खिंडीत ढग उतरतोय, अशा वेळी हातातली रॉड खाली ठेवायला दहा मिनिटं उशीर होतो. माणूस आहे, होतोच.

स्किड
फोटोतल्या रॉडबद्दल तुमचं बरोबर आहे, तो फोटो काढून टाकतो. बॅटरीचं म्हणाल तर आम्ही सॅटेलाइट फोन, तंबू, स्लीपिंग बॅग, दोन दिवसांचं अन्न घेऊनच जातो. ढगांचं मात्र मला शिकवू नका. मासा दिसत असताना निघालोय, आणि पाहुण्यांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत.

गळकरी
मी पायवाट यांना विचारतो. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी काय करायचं? माझ्या वडिलांना शेवटच्या आजारपणाआधी एकदा मोठ्या नदीवर न्यायचं होतं. चालणं शक्य नव्हतं. हेलिकॉप्टर परवडलं असतं तर मी नेलं असतं, तुमच्या नदीवर, तुमच्या डोक्यावरून. आणि मला त्याची लाज वाटली नसती.

पायवाट
तुमच्या वडिलांसाठी उतरलेल्या हेलिकॉप्टरला मी हात केला असता. मनापासून सांगतो.

पण रोज उतरणारे तुमचे वडील नसतात. ते असतात आठवड्यात पाच नद्या 'करायला' आलेले धडधाकट पाहुणे. स्किड, दोन फेऱ्या आणि चार फेऱ्यांचं गणित मी मान्य करतो. थांबलेल्या वैमानिकाने गळ टाकला म्हणून नदीचं वाकडं होत नाही, तेही मान्य. मला हवंय ते वेगळं. तुम्ही फेरी मारून तंबू बघता, कारण तुम्ही सज्जन आहात. झाडीखालचा माणूस वरून दिसत नाही. मी असतो झाडीखाली. ग्रीनस्टोन नदीच्या वरच्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीचा तुकडा आधी बुक करावा लागतो, चालणाऱ्यालाही आणि उडणाऱ्यालाही. तसं प्रत्येक दूरच्या खोऱ्यात हवं, आणि आठवड्यातले काही दिवस उड्डाण पूर्ण बंद. नियम कागदावर असू दे, तुमच्या चांगुलपणावर नको.

स्किड
बुकिंग चालेल. बंद दिवसांना माझा विरोध. तिकडे आठवड्यातून हवामान उघडतं ते दोन-तीन दिवस, नेमके तेच तुम्ही बंद केलेत तर पगार कोण देणार? आणि बंद दिवशी मी नसलो तरी हरणं मोजणारी, सापळे टाकणारी, झोपड्यांना गॅस पुरवणारी हेलिकॉप्टरं येणारच. त्याच झोपडीत तुम्ही झोपता.

पायवाट
झोपतो. गॅसचं हेलिकॉप्टर येतं, सिलिंडर ठेवतं, जातं. ते माझ्यापुढे नदीत उतरत नाही.

वेसावची
आणि मासा दोघांच्याही गळाला लागतो. त्याच्यासाठी बंद दिवस कोण मागणार?

दापोलीकर
संपादकांना विनंती, वलगण आणि एलईडीच्या प्रतिक्रिया वेगळ्या धाग्यात हलवा. वेसावची, तिथे या. बंधाऱ्याबद्दल तुम्ही म्हणालात त्यात तथ्य आहे. आमच्या ओढ्यावर दोन झाले आहेत, आणि मासा दुसरा झाल्यानंतर गेला. कोयत्यांबद्दल मात्र मी मागे हटत नाही.