दर ५ सेकंदांनी सर्व्हरला विचारत बसायचं की वेबसॉकेट लावायचं?

पोलिंगवाला_पेठेतला: हिंजवडीत आमच्या टीममधे कालपासून भांडण चालूए. मार्केट यार्डातल्या एका अडत्यासाठी आवक आणि भावाचा डॅशबोर्ड केलाय, पान दर ५ सेकंदांनी सर्व्हरला विचारतं काही नवीन आहे का, आणि नवीन लागलेला पोरगा म्हणतो हे जुनाट, वेबसॉकेट लावा, म्हणजे कनेक्शन उघडंच ठेवायचं आणि नवीन काही आलं की सर्व्हर आपणहून कळवेल. अरे पण लिलाव झाला की भाव दिवसभर हलत नाही, कनेक्शन उघडं धरून करायचंय काय? माझं मत पोलिंगच बरं, म्हणजे ठराविक वेळाने आपणच विचारायचं.

बॅकएंड_कोथरूड: भाव हलत नाही तरी तू विचारतोयसच ना! ४०० टॅब उघडे असले तर सेकंदाला ८० रिक्वेस्ट, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही". लग्नात पंगत बसली का म्हणून सारखा डोकावणारा काका झालाय तुमचा डॅशबोर्ड.

पोलिंगवाला_पेठेतला: 😄 ईटॅग लावलाय रे, म्हणजे उत्तराच्या आवृत्तीची खूण. बदल नसेल तर ३०४, म्हणजे "बदल नाही" एवढंच जातं, डेटा जातच नाही.

बॅकएंड_कोथरूड: डेटा नाही जात, रिक्वेस्ट तर येते! लॉगिन तपासा, कॅश (उत्तराची साठवलेली प्रत) नसेल तर डेटाबेसला पण विचारा, आणि मग सांगा काही नाही म्हणून.

हडपसरची_ताई: वेबसॉकेटचं एवढं कौतुक नको हं. आम्ही लावलं होतं, पुढे एनजिनएक्स (मधला प्रॉक्सी सर्व्हर), त्याचा रीड टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, मुळात ६० सेकंद, तेवढ्या वेळात सर्व्हरकडून काहीच आलं नाही की कनेक्शन बंद. आम्ही ना पिंग (कनेक्शन जिवंत ठेवायला अधूनमधून जाणारा छोटा संदेश) ठेवला होता ना परत जोडायची सोय, त्यामुळे स्क्रीनवर जुनाच आकडा, तोही अगदी ठणठणीत दिसणारा, आणि ते आम्हाला क्लायंटने फोन करून सांगितलं. पोलिंगमधे एक फेरी चुकली तर पुढची असते. सर्व्हरकडून एकाच बाजूने पाठवायचं असेल तर एसएसई (सर्व्हर-सेंट इव्हेंट्स) बघा, तुटलं की ब्राउझर आपणहून जोडतो.

बॅकएंड_कोथरूड: एसएसई एचटीटीपी/२ वर (ब्राउझर-सर्व्हर बोलण्याच्या नियमांची नंतरची आवृत्ती) असेल तरच. जुन्या १.१ वर ब्राउझर एका डोमेनला ६ च कनेक्शन देतो, अडत्याने सातवा टॅब उघडला की तो नुसता फिरत बसणार. पिंग न ठेवणं ही तुमची चूक, वेबसॉकेटची नाही.

हडपसरची_ताई: चूक आमचीच, मान्य. पण पोलिंगमधे ती करायला जागाच नव्हती. बरं पेठेतले, सेट-इंटरव्हल (ठराविक वेळाने तेच काम परत चालवणारा जावास्क्रिप्टचा टायमर) वापरलंय का? नेट हळू असलं की आधीचं उत्तर यायच्या आत पुढची रिक्वेस्ट जाते आणि मागाहून आलेलं जुनं उत्तर नव्या भावावर बसतं.

पोलिंगवाला_पेठेतला: ...वापरलंय. 🙈 उत्तर आल्यावरच पुढचा टायमर लावतो, ५ चे ३० सेकंद करतो, टॅब मागे गेला की बंद. वेबसॉकेट मात्र नाही.

बॅकएंड_कोथरूड: आणि "शेवटचं अपडेट किती वाजता" ते भावाच्या शेजारीच दाखव, कोपऱ्यात नको.