पाणी सपाट, वाट नाही
‘जलाशयाची फेरी म्हणजे सपाट धाव, पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच’ असं धावणारे बरेचदा म्हणतात, ते धरणाच्या भिंतीपुरतं खरं. पण धरणाचं पाणी म्हणजे बुडालेली दरी. प्रत्येक ओढ्याच्या तोंडातून ते आत शिरतं, बोटं पसरल्यासारखं. वाट त्या बोटांना वळसे घालते, ओढ्याशी उतरते, पलीकडे परत चढते. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो आणि तिथवर पोचायला दोन किलोमीटर! पहिल्या वेळी मी नकाशावर ढोबळ गोल काढून अंतर मोजलं होतं. निम्म्यातच बाटली रिकामी.

वाऱ्याबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. उघड्या पाण्यावर त्याला अडवायला काहीच नसतं, भिंतीवर तर तो थेट अंगावर येतो. हल्ली मी वारा समोरून घेऊनच सुरुवात करतो, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी असतो. आणि पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गाळाचा पट्टा जवळची वाट वाटतो, पण वरची भेगाळलेली खपली फसवी. माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. ओढला तर पाय आला, बूट तिथेच.